गुरम्माबाईंचा डावा हात

आमच्या उदगीरच्या कन्याशाळेत नवी मुलगी आली की तिला आधी पाण्याची टाकी दाखवतात. मग टाकी रिकामी आहे हे सांगतात. आणि मग एखादी जुनी मुलगी तिला कोपऱ्यात ओढून कानात सांगते, "शिवणाच्या गुरम्माबाई हायेत ना, त्यांच्या डाव्या हाताकडं बघायचं न्हाई. त्यांचा नवरा मेलाय आन् त्यो त्या हातात येऊन बसलाय. हात आपोआप हलतो. ज्याच्याकडं बघून हलला, त्यो गेलाच म्हणून समज."

ही अफवा इतकी झकास आहे की दुरुस्त करताना माझ्या जिवावर येतं. पण करते.

एक तर बाईंचा नवरा मेलेला नाही. धोंडप्पाकाका चांगले धडधाकट आहेत. शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांची रसवंती आहे. मधला रस्ता एवढासा, की बैलगाडी आली तर शाळेला फाटक आत ओढून घ्यावं लागतं. दोन सालं झाली, पाऊस नाही. म्हणून ऊस नाही, म्हणून रस नाही. चरकाला पोतं गुंडाळून ठेवलंय. तरी काका रोज सकाळी धुतलेली टोपी घालून दुकान उघडतात, बाकड्यावर बसतात आणि कुणी विचारलंच तर सांगतात, "रस न्हाई. बसायला जागा हाय."

हात मात्र खरंच हलतो. एसटीत हलतो, हळदीकुंकवाला हलतो. शिवणाच्या तासाला उजवा हात आमची उसवलेली शिवण शोधत असतो आणि डावा मांडीच्या वर वीतभर, हवेतल्या हवेत, पुढं जातो, मागं येतो. त्यात भूतबीत काही नाही. त्यात पेटी आहे.

बाईंचे वडील मठात शिवभजनाला पेटी वाजवायचे. त्यांचा डावा खांदा धरला, तेव्हा भाता मारायला त्यांनी लेकीला शेजारी बसवलं. वडील सूर काढणार, लेक वारा घालणार. म्हणजे बाई पेटी शिकल्या त्या डाव्या हाताकडून. उजव्याला सूर पुढं कधीतरी आले. लग्न झालं, शाळेत शिवणाची नोकरी लागली, प्रार्थनेची पेटीही त्यांच्याकडेच आली, आणि तो डावा हात तेव्हापासून जो भाता मारतोय तो पेटी असो वा नसो. बिचाऱ्याला कुणी थांब म्हणून सांगितलंच नाही.

प्रार्थनेला बाई व्हरांड्यात बसतात, तोंड फाटकाकडं. आम्ही गाणाऱ्या चौघी त्यांच्या शेजारी. बाकी सगळी शाळा अंगणात. त्यामुळे समोरच्या बाकड्यावरचे काका बाईंना दिसतात आणि मलाही दिसतात. पेटी सुरू झाली की काकांची मान डोलायला लागते. आमच्यापेक्षा तेच भक्तिभावानं प्रार्थना ऐकतात, असं शेषेराव सर दर वर्षी पालकांच्या सभेत सांगायचे.

शेषेराव सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. नांदेडकडचे. त्यांचं बोलणं काढायला फार सोपं: हात मागं बांधायचे, पोट पुढं काढायचं आणि म्हणायचं, "काय करून राहिल्या मुली तुम्ही?"

तर पियानो त्यांनीच आणला. बिलोलीला जुन्या अंमलदाराचा एक बंगला रिकामा होत होता. त्यातला हा पियानो लातूरला जाणार होता. नवा जिल्हा, नवं सभागृह, त्यात काहीतरी भारदस्त ठेवायला नको का? सभागृहाचं छत अजून व्हायचं होतं, म्हणून सरांनी खटपट करून तेवढ्यापुरता तो आमच्या शाळेत ठेवून घेतला. उदगीरच्या माणसाला लातूरबद्दल काय वाटतं ते उदगीरच्या माणसाला विचारा आणि पाणी घेऊन बसा. शाळेची शिपाईण सरजाबाई, तिचं म्हणणं, "कचेऱ्या गेल्या, साहेब गेले, पाऊसबी त्यांनीच नेला आसंल. ह्यो बाजा वाटंत अडकला म्हणून आपल्याला दिसला."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गोधड्यांवर निजवून, देगलूरमार्गे आला. फाटकाशी ट्रॉली थांबली. सरांनी गोधडी बाजूला केली, झाकण उचललं, आणि आम्हाला दाखवायला म्हणून अगदी डावीकडच्या पट्टीवर तळहात टेकला.

धम्म.

रस्त्यापलीकडे धोंडप्पाकाका ताडकन उभे राहिले. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून आभाळाकडे बघायला लागले. "गडगडलं की गं!" ते ओरडले. "गुरम्मा, वाळवण काढ! गडगडलं!"

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ नुसतं घासलेल्या परातीसारखं. मग सगळे हसले. ट्रॅक्टरवाला तर स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसला. मीही हसले, आणि लगेच "गडगडलं की गं" पाठ करून घेतलं.

गुरम्माबाई हसल्या नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या, आणि डावा हात, मी पहिल्यांदाच पाहिलं, एकदम गप्प होता.

"पंधरा ऑगस्टला झेंडावंदन," सर म्हणाले, "आन् आपल्या जिल्ह्याचा पहिला वाढदिवस. लातूरहून पाहुणे येऊन राहिले. त्या दिवशी प्रार्थना ह्याच्यावर वाजवा बाई. दुसऱ्या दिवशी हे जाणार."

"वाजवते," बाई म्हणाल्या. आजवर साधी नवी शिवणयंत्राची सुई लावतानाही त्या "बघू, जमलं तर" म्हणायच्या.

पियानो मागच्या खोलीत ठेवला. शाळा सुटली की बाई तिथं बसायच्या, आणि हापशावर पाण्याचा नंबर लागेपर्यंत वेळ काढायला मीही तिथंच. उजव्या हाताला काही अडचण नव्हती. त्याला पट्ट्या ओळखीच्याच. मधल्या काही पट्ट्या मुक्या होत्या, त्यांना वळसा घालून तो प्रार्थना म्हणायला लागला. पण डावा! पियानोच्या शेजारी, हवेत, भाता मारत बसला. पुढं, मागं. पुढं, मागं.

"साकु," बाई त्याला म्हणायच्या. कानडीत बस झालं. हात ऐकेना. मग त्यांनी त्याच्या मुठीत शिवणाची कात्री दिली. कात्रीसकट भाता सुरू. मग त्यांनी त्याला उचलून पट्ट्यांवरच ठेवला, तर तो उजव्याच्या मागं मागं तेच सूर खाली वाजवायला लागला. म्हशीनं प्रार्थना म्हणावी तसा आवाज.

"ह्यो डावा म्हणजे तूच हायेस बघ, राघू," बाई मला म्हणाल्या. माझं नाव उमादेवी, पण मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून बाई मला राघू म्हणतात. "आपलं स्वतःचं काई न्हाई. उजवा बोलंल तेच बोलतो."

दारातून शेषेराव सर म्हणाले, "बाई, मी हैदराबादला एकदा हे वाजवताना ऐकलं होतं. तिथं डावा हात उजव्याच्या वाटंलाच जाईना. आपलं आपलं येगळंच काही करून राहिला होता."

"काय करून राहिला होता?" मी सरांच्याच आवाजात विचारलं.

"ते आता ध्यानात न्हाई," म्हणाले, आणि निघून गेले.

मला कळेना, एवढा खटाटोप कशासाठी. "बाई, उजव्यानंच वाजवा की. प्रार्थना तर तीच. पाहुण्यांना काय कळतंय?"

बाईंनी पियानोचं झाकण मिटलं. "तू रोज त्यांची मान बघतीस ना?"

"काकांची? हाव."

"उन्हाळ्याच्या आधी एकदा पेटी थांबली. जनगणमन झालं. पोरी वर्गात गेल्या. मान डोलूनच राहिली होती. चरकाच्या इंजनापाशी सारा जन्म गेला. कान गेले त्यांचे. बारीक आवाज तर बिल्कुल न्हाई. मला वाईट वाटंल म्हणून अंदाजानं डोलत्यात."

"मग तुम्ही त्यांना..."

"मी कशाला बोलू? त्यांना वाईट वाटंल."

मला नक्कल करायला काहीच सापडेना.

"पण त्या दिवशी खालची पट्टी ऐकली त्यांनी," बाई म्हणाल्या. "गडगडलं म्हणले. म्हणजे खालचं आजून जातंय कानात. खालचं डाव्या हाताकडं हाय. ह्यो बाजा जायच्या आत एकदा माझी प्रार्थना त्यांना ऐकू जावी, बस. एकदा. मग ह्या लातूरवाल्यांनी बाजा न्यावा न्हाईतर त्याची चूल पेटवावी."

तेव्हापासून मागच्या खोलीची खिडकी त्या बंद ठेवायला लागल्या. काकांनी अर्धंमुर्धं ऐकायला नको होतं.

बिलोलीच्या बंगल्याच्या राखणदारानं सरांना आणखी एक सांगून ठेवलं होतं: कोरड्या हवेत पियानोचं लाकूड तडकतं, त्याच्या पोटात पाण्याची वाटी ठेवत जा. बाई स्वतःच्या घागरीतून वाटी भरून ठेवायच्या. ही खबर हापशावर पोचली तेव्हा जे झालं ते बघायला तुम्ही हवे होता.

"माणसाच्या घशाला कोरड," दांडा मारत सरजाबाई ओरडली, "आन् ही बाई बाजाला पाणी पाजती! उद्या त्याला ज्वारीबी दळून घालंल!"

रांगेत लई हशा. हशा पिकला की मला राहवत नाही. मी घागर खाली ठेवली, पदर नव्हता तर ओढणीच खांद्यावर घेतली, मान थोडी वाकडी केली आणि गुरम्माबाई झाले. उजव्या हातानं हवेत पट्ट्या, डाव्यानं भाता. "साकु, साकु," मी हाताला दटावलं. बायका पोट धरून हसायला लागल्या. मी भाता आणखी रंगवला. मग हसू एकाएकी थांबलं. सरजाबाईनं दांडा सोडला.

बाई माझ्या मागं उभ्या होत्या. कमरेला घागर.

"पुन्हा कर," म्हणाल्या.

"बाई, चुकलं..."

"चुकलं का न्हाई ते मी बघते. पुन्हा कर."

मी केलं. आता घाबरून केलं म्हणून जसंच्या तसं झालं. एकदा लांब, भरून. मग दोनदा आखूड, नुसती मनगटानं. एकदा लांब, दोनदा आखूड.

"आसं करते मी?" बाईंनी विचारलं. रागानं नाही. आरशात स्वतःची पाठ पहिल्यांदा दिसावी तसं.

"हाव बाई."

"कायम?"

"कायम. एसटीतसुद्धा."

बाईंनी घागर माझ्या घागरीशेजारी टेकवली, नंबर तसाच सोडला आणि शाळेकडे चालायला लागल्या. "ए राघू, बा!" मागं न बघता म्हणाल्या. बा म्हणजे ये.

मागच्या खोलीत बसल्या, डावा हात समोर धरला आणि त्याच्याशी बोलल्या, जसं रुसलेल्या पोराशी बोलावं. "भाताच मारायचाय ना तुला? मार की. कोण नको म्हणतंय? पण हवेत नको, हितं मार."

आणि लांब झटका त्यांनी खालच्या सा वर घातला. दोन आखूड झटके वरच्या दोन पट्ट्यांवर, एकदम, हलके.

धम्, चक चक. धम्, चक चक.

उजव्यानं वर प्रार्थना धरली. आणि डावा, आईशप्पथ, उजव्याच्या वाटेला गेला नाही. आपलं आपलं वेगळंच करून राहिला. सर म्हणाले होते ते हेच.

पुढं अडलं, नाही असं नाही. पेटीचा भाता सगळ्या सुरांना एकच वारा देतो. गाणं वर जावो, खाली जावो, त्याला फिकीर नाही. इथं मात्र गाणं म वर गेलं आणि डावा सा वरच ठोकत बसला की कानाला खडा लागायचा. मग बाई बोटं टेकवून शोधायच्या: इथं सा बसतो, इथं खालचा म, ही ओळ संपते तिथं खालचा प. त्यांनी मला ते एका वाक्यात सांगितलं होतं. "उजवा पाव्हणा कुणाच्या घरी निघालाय ते डाव्यानं वळखायचं आन् आधी जाऊन उंबऱ्यावर हुबं ऱ्हायचं." मी तोंडानं धम् चक चक करायची, बाई उंबरे शोधायच्या. पाण्याचे माझे दोन नंबर त्यापायी गेले. आईनं जे ऐकवलं त्याची नक्कल इथं करत नाही.

ऑगस्ट आला, पाऊस आला नाही. चौदा तारखेला बाईंनी सगळी प्रार्थना न थांबता वाजवली. तेवढ्यात दारात सर आले, बाई दचकल्या, आणि डावा हात सरळ पट्ट्यांवरून उठून हवेत भाता मारायला गेला.

"उद्याबी हात जाणार," मी म्हणाले. "पाहुणे बघितले की उद्या जाणारच."

"न्हाई जाणार."

"पैज?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "लाव."

"गाण्यात एकदा जरी हात भात्याला गेला, तर मी जिंकले. मग गणपतीत स्टेजवर तुमची नक्कल करणार. आन् तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

"आन् हरलीस, तर पाऊस पडस्तोवर माझी घागर तू वाहायची. हापशापासून घरापर्यंत."

मी हसून टाळी दिली. तो हात मी कुणापेक्षाही जास्त पाहिला होता. त्याची नक्कल मी झोपेतही करू शकले असते.

पंधरा ऑगस्टला पियानो व्हरांड्यात आणला. पाहुण्यांची भाषणं झाली: जिल्हा एक वर्षाचा झाला, तो आता रांगेल, मग चालेल, मग धावेल. मागून सरजाबाई पुटपुटली, "आधी त्याला पाणी पाजा." मग सर म्हणाले, "आता प्रार्थना," आणि बाई बसल्या.

पलीकडे बाकड्यावर काकांनी बाईंना बसलेलं पाहिलं आणि मान डोलवायला सुरुवात केली. अजून एक पट्टीही वाजली नव्हती.

उजव्या हातानं पहिली ओळ एकट्यानं वाजवली. मग डावा खाली उतरला. धम्.

काकांची मान थांबली.

मला वाटलं, गेलं सगळं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. काकांनी बाकड्याच्या फळीवर तळहात टेकवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. मग टोपी काढली. मग मान पुन्हा हलली. एकदा. धम् वर. पुन्हा धम् वर. मधल्या चक चक ला थांबत होती, धम् ला बरोबर खाली येत होती.

बाईंनी ते पाहिलं, आणि डावा हात पट्ट्यांवरून वर उठला. वीतभर वर. हवेत. 'गेला!' माझ्या ओठांवर आलंच होतं. गाणं म कडे निघालं होतं, उंबरा रिकामा होता. हात तिथं क्षणभर अडला, आणि खाली आला तो नेमका म वर. बाईंचे डोळे वाहत होते, ते पुसायला दोन्हीपैकी एकही हात मोकळा नव्हता.

शेवटचा सा त्यांनी दाबून धरला. तो हळूहळू विरत गेला. काकांची मान हळूहळू लहान होत गेली, आणि थांबली.

आणि मग डावा हात पट्ट्यांवरून निघाला, पियानोच्या बाजूला गेला, तिथं नसलेला भाता मिटला, नसलेली कडी लावली आणि मांडीवर येऊन बसला. पेटीवाली बाई गाणं झाल्यावर जे करते ते सगळं, नीट, सवयीनं.

पियानो दुसऱ्या दिवशी गेला, तेही सांगून टाकते. त्याच गोधड्या, तोच ट्रॅक्टर. पोटातली वाटी काढायला बाई विसरल्या नाहीत. आता सकाळी पुन्हा पेटी असते, आणि शाळा सुटली की बाई रसवंतीच्या बाकड्यावर काकांशेजारी बसून डाव्या हातानं फळीवर वाजवतात. लांब एकदा, आखूड दोनदा. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, हातातलं भूत आता बाकड्यात शिरलं.

पण पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर काका रस्ता ओलांडून आले. टोपी हातातच होती. "आज पेटी लई खोल वाजली गं," म्हणाले. "लई दिसांनी..." आणि मधेच थांबले.

"रोजच वाजते की," बाई म्हणाल्या.

"हाव. रोजच की," काका म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघेनात. काका गेल्यावर मी बाईंच्या समोर जाऊन कमरेवर हात ठेवले.

"हात गेला होता, बाई. भाता मिटला तुम्ही. कडीबी लावली. मी जिंकले."

"गाणं झाल्यावर गेला. पैज गाण्यातली."

"सूर तर वाजतच होता!"

"संपला होता."

"आसं कसं? कधी संपला ते कोण ठरवणार? तुम्ही का मी?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि हनुवटीनं रस्त्यापलीकडे दाखवलं. काका टोपी घालून बाकड्यावर बसत होते.

"त्यांनी ठरवलं," म्हणाल्या. "त्यांची मान आधी थांबली का माझा हात आधी गेला? तू बघत हुतीस. सांग."

मी नकला करते, खोटं बोलत नाही.

"घागर कुठं ठेवलीय, बाई?" मी विचारलं.